क्लिफर्ड्स टॉवर, बर्कमस्टेड आणि स्किप्सी : मातीच्या तीन किल्ल्यांचे परीक्षण

फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन लोकांनी १०६६ नंतर इंग्लंडमध्ये उभारलेले पहिले किल्ले बहुतांशी माती आणि लाकडाचे होते, ही गोष्ट तिथले भव्य दगडी किल्ले पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. खंदक खणायचा, त्यातून निघालेली माती रचून माथ्यावर सपाट असे टेकाड उभे करायचे, त्यावर लाकडी बुरूज आणि मेढेकोट बांधायचा, आणि पायथ्याशी तसाच मेढेकोट व खंदक घातलेले मोठे आवार ठेवायचे, अशी ती झटपट उभी राहणारी रचना होती. टेकाडाला मॉट म्हणतात आणि आवाराला बेली. लाकूड कधीच कुजून गेले. माती मात्र साडेनऊशे वर्षांनंतरही शेकडो गावांत आणि शेतांत जागेवर आहे. ही माती पाहुण्यांना कशी दाखवली जाते आणि दाखवता दाखवता ती कितपत जपली जाते, एवढ्याच कसोटीवर मी येथे तीन ठिकाणांचे परीक्षण करणार आहे. यॉर्कचा क्लिफर्ड्स टॉवर, लंडनच्या वायव्येचा बर्कमस्टेडचा किल्ला आणि पूर्व यॉर्कशरमधील स्किप्सीचे टेकाड ही ती ठिकाणे. चारशेहून अधिक वास्तू आणि अवशेष सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या धर्मादाय संस्थेच्या यादीत तिन्ही आहेत. पण तिथे मिळणारा अनुभव इतका वेगळा आहे की एकाच संस्थेचा फलक पाहूनही आपण एकाच प्रकारच्या वास्तूला भेट देत आहोत हे स्वतःला बजावावे लागते.

सर्वाधिक गर्दी अर्थातच यॉर्कला असते. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने १०६८ मध्ये येथे पहिला किल्ला बांधला आणि पुढच्याच वर्षी औझ नदीच्या पलीकडे दुसरा. त्या दुसऱ्या किल्ल्याचे टेकाड बेली हिल या नावाने आजही झाडांखाली उभे आहे आणि तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. पहिल्या टेकाडावर आज दिसणारा चार पाकळ्यांच्या आकाराचा दगडी मनोरा राजा तिसऱ्या हेन्रीच्या काळातला, तेराव्या शतकाच्या मध्यात बांधायला घेतलेला. त्याआधी तिथे लाकडी बुरूज होता. मार्च ११९० मध्ये यॉर्कमधील ज्यू समाजाने, सुमारे दीडशे माणसांनी, जमावापासून जीव वाचवण्यासाठी त्याच बुरुजाचा आसरा घेतला. १६ मार्चच्या रात्री त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतःचे जीवन संपवले, बुरूज जळाला आणि जे उरले त्यांची कत्तल झाली. पायथ्याशी १९७८ मध्ये बसवलेली स्मृतिशिला आहे आणि उतारावर डॅफोडिल्सची लागवड आहे. डॅफोडिलच्या सहा पाकळ्या ज्यूंच्या सहा टोकांच्या ताऱ्याची आठवण देतात आणि ही फुले स्मृतिदिनाच्या सुमारास फुलतात, म्हणून ती निवड. स्मारकासाठी टेकाडावर नवे बांधकाम करण्याऐवजी गवतात कंद पुरावेत, हा विचार मला या साऱ्या परिसरातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

तिकीट काढून पायथ्यापासून पंचावन्न पायऱ्या चढाव्या लागतात. पायऱ्या उभ्या आहेत, परंतु नव्या कामात कठडे सुधारले आहेत आणि वाटेत दम खायला जागा ठेवल्या आहेत. चाकाच्या खुर्चीतून वर जाण्याची सोय नाही. अशी सोय करायची तर टेकाडाला मोठा छेद द्यावा लागेल किंवा बाहेरून उंच सांगाडा उभारावा लागेल, हे उघड आहे. तरीही ज्याला वर जाता येत नाही त्याच्या पदरात पायथ्याशी काय पडते, हा प्रश्न प्रत्येक टेकाडाबाबत विचारलाच पाहिजे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला तिन्हींपैकी एकाही ठिकाणी मिळाले नाही.

आत शिरल्यावर मात्र २०२२ च्या वसंतात खुल्या झालेल्या कामाला मनापासून दाद द्यावीशी वाटते. सुमारे ५० लाख पौंड खर्चाच्या या प्रकल्पाची रचना ह्यू ब्रॉटन आर्किटेक्ट्स या कार्यालयाची आहे. १६८४ च्या स्फोटात आणि आगीत मनोऱ्याचे छप्पर आणि मजले गेले, तेव्हापासून तो वरून उघडा, रिकामा कवचासारखा होता. आता आत चार भक्कम लाकडी खांब उभे आहेत, त्यांवर लाकडी गच्ची आहे, आणि मधल्या उंचीवर लोंबत्या मार्गिका आहेत, ज्यांच्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या, तीनशेहून अधिक वर्षे कोणाला पाय ठेवता न आलेल्या जागांपर्यंत पोहोचता येते. त्यांत तिसऱ्या हेन्रीसाठी बांधलेले शौचकूपही आहे. राजाचे शौचकूप पाहण्यासाठी माणसे रांग लावतात, याचे नवल वाटायला नको. या साऱ्यात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पायाखाली आहे. चारही खांब एका पसरट तळपट्टावर उभे केले आहेत, म्हणजे भार एकेका ठिकाणी खोलवर न जाता टेकाडाच्या माथ्यावर विभागला जातो आणि खालच्या पुरातत्त्वीय थरांना धक्का लागत नाही. रचना जुन्या भिंतींवर लादलेली नाही. ती आपल्या पायांवर उभी आहे. उद्या कोणाला ती नको झाली, तर ती काढता येईल आणि टेकाड व मनोरा जवळपास पूर्वीसारखेच राहतील.

ही काळजी का घ्यावी लागते, हे समजण्यासाठी भराव टाकलेल्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. माणसाने रचलेले टेकाड म्हणजे चिकणमाती, वाळू, खडी आणि गवताचे चपटे यांचे एकावर एक दिलेले थर. नॉर्मन विजयाची कथा सांगणाऱ्या बायोच्या प्रसिद्ध भरतकामात हेस्टिंग्जचे टेकाड रचणारे मजूर दाखवले आहेत, आणि तिथेही टेकाडाच्या पोटात रंगीत आडवे पट्टे काढलेले आहेत. असे टेकाड लाकडी बुरुजाचा भार आनंदाने पेलते. दगडी मनोऱ्याचा भार त्याला झेपेलच असे नाही. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी माथ्यावर भरीव मनोऱ्याऐवजी आतून पोकळ, गोलाकार दगडी तट घालत. डेव्हनमधील टॉटनेस येथे किंवा यॉर्कशरमधील पिकरिंग येथे तो पाहता येतो. जिथे हा विवेक पाळला गेला नाही तिथे काय होते, ते स्कॉटलंडमध्ये एल्गिनजवळच्या डफस किल्ल्यात उघड्या डोळ्यांनी दिसते. बाराव्या शतकातील मातीच्या टेकाडावर पुढे दगडी मनोरा बांधला, आणि त्याचा एक मोठा कोपरा भिंतींसकट तुटून उतारावरून खाली सरकला. तो आजही अर्ध्या वाटेत कललेला आहे. यॉर्कचा मनोराही यातून सुटलेला नाही. चौदाव्या शतकात पुराच्या पाण्याने टेकाडाचा पायथा मऊ झाला आणि मनोऱ्याला वरपासून खालपर्यंत भेगा पडल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या पायाला काँक्रीटचा आधार द्यावा लागला. एकोणिसाव्या शतकात शेजारी तुरुंग बांधताना तर टेकाडाचा पायथाच कापून तिथे भिंत घातली होती. १९३० च्या दशकात तुरुंग पाडल्यावर तो उतार पुन्हा भरून काढण्यात आला. म्हणजे आज फोटोत दिसणारा तो नितळ हिरवा उतार काही अंशी गेल्या शंभर वर्षांतला आहे. हे पाहुण्यांना ठसठशीतपणे सांगितले तर टेकाडाविषयीचा आदर वाढेल, कमी होणार नाही, असे माझे मत आहे.

या ठिकाणाचे परीक्षण करताना एका न झालेल्या बांधकामाचाही उल्लेख हवा. इंग्लिश हेरिटेजने आधी पायथ्याशी, टेकाडाच्या उतारात काही अंशी खोवून बसवलेली अभ्यागत केंद्राची इमारत योजली होती. २०१६ मध्ये तिला परवानगीही मिळाली. पण शहरातून मोठा विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये संस्थेने तो प्रस्ताव सोडून दिला. त्या इमारतीच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते, कारण तिकीटघर आणि दुकान मनोऱ्यातून खाली नेल्याने वरची जागा मोकळी झाली असती. तरीही विरोध करणाऱ्यांचे मूळ म्हणणे मला पटते. उतार म्हणजे इमारतीसाठी उपलब्ध असलेली मोकळी जागा नव्हे; तो उतार हाच किल्ला आहे. नंतर जे घडले त्यात सारे नवे काम मनोऱ्याच्या पोटात आले आणि बाहेरची आकृती अबाधित राहिली. गच्चीवरून यॉर्क मिन्स्टर या भव्य चर्चपर्यंतचे शहर दिसते आणि बहुतेक माणसे त्या दृश्यातच रमतात. आपण ज्यावर उभे आहोत ते हजार वर्षांच्या घरात आलेले मातीकाम आहे, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात येत असेल याची मला शंका आहे. दगडाची सेवा येथे उत्कृष्ट झाली आहे. मातीची निगाही चोख आहे. पण मातीची कथा मात्र दगडाच्या सावलीत राहिली आहे.

ती कथा वाचायची असेल तर बर्कमस्टेडला जावे. लंडनच्या यूस्टन स्थानकातून निघालेली गाडी किल्ल्याला अगदी खेटून थांबते आणि स्थानकाबाहेर पडल्यावर काही मिनिटांत आपण खंदकाच्या काठावर असतो. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर इंग्लिश सरदारांनी येथेच विल्यमपुढे शरणागती पत्करली असे इतिवृत्त सांगते, आणि किल्ल्याचे मातीकाम त्या महत्त्वाला साजेसे आहे: सुमारे १२ मीटर उंच मॉट, त्याच्या पायथ्याशी लांबट बेली, भोवती दुहेरी खंदक आणि मधला मातीचा बांध. गारगोटीच्या दगडांच्या भिंतींचे तुकडे शिल्लक आहेत, पण ते इतके विरळ आहेत की नजर आपोआप जमिनीच्या चढउतारांकडे वळते. शहरातील घरे, रस्ता आणि रेल्वे एवढ्या जवळ असूनही बेलीच्या मध्यभागी उभे राहिले की टेकाड, आवार आणि खंदक यांचे नाते एका दृष्टिक्षेपात कळते. हे नाते यॉर्कला वाहनतळ आणि रस्ते यांच्यामुळे जवळजवळ पुसले गेले आहे.

रेल्वे आणि बर्कमस्टेड यांचा संबंध वारसाजतनाच्या इतिहासात स्वतंत्र नोंद होण्यासारखा आहे. लंडन ते बर्मिंगहॅम लोहमार्गाला १८३३ मध्ये संसदेने मंजुरी दिली तेव्हा त्या कायद्यात हा किल्ला वाचवण्याची तरतूद करण्यात आली, आणि म्हणून विकासकामापासून कायद्याने संरक्षण मिळालेली ब्रिटनमधील ही पहिली वास्तू मानली जाते. प्राचीन स्मारकांसाठीचा पहिला सर्वसाधारण कायदा त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, १८८२ मध्ये आला आणि त्याच्या पहिल्या यादीत भर होता तो प्रागैतिहासिक अवशेषांवर. बर्कमस्टेडला कायद्याचे कवच मिळूनही बाहेरचा दरवाजा आणि तिथले काही मातीकाम लोहमार्गाच्या भरावाखाली गेलेच. मॉटच्या माथ्यावरून पाहिले की हा भराव आणि किल्ल्याचा बांध एकमेकांना समांतर दिसतात; आठशे वर्षांच्या अंतराने खणलेली दोन मातीकामे शेजारी शेजारी नांदताना पाहणे मला कोणत्याही फलकापेक्षा अधिक बोलके वाटले. टेकाडावर जाण्यासाठी पायऱ्या आहेत, आणि त्या असायलाच हव्यात, कारण त्या नसतील तर माणूस सर्वांत जवळची वाट धरतो, गवत झिजते, पावसाचे पाणी त्याच घळीतून उतरते आणि दोन-चार हिवाळ्यांत उतारावर खोल ओरखडा तयार होतो. माझी तक्रार असलीच तर एवढीच की बेली आणि बाहेरच्या बांधांचे स्पष्टीकरण मॉटच्या मानाने त्रोटक आहे. उत्तरेकडील बाहेरच्या मातीच्या उंचवट्यांचा संबंध काही अभ्यासक १२१६ मध्ये फ्रेंच राजपुत्र लुईने घातलेल्या वेढ्याशी जोडतात. अशी रंगतदार शक्यता सहज नजरेतून निसटते.

स्किप्सी हे या तिघांतले सर्वांत उघडेबोडके ठिकाण आहे आणि माझ्या मते सर्वांत विलक्षणही. तिकीटघर नाही, दुकान नाही, दगडाचा तर मागमूस नाही म्हणावा इतका. शेतात साधारण १३ मीटर उंचीचे एक गोल टेकाड, काही अंतरावर बेलीचा रुंद बांध, आणि दोहोंच्या मध्ये सखल ओलसर जमीन. ही सखल जमीन म्हणजे पूर्वीचा तलाव. पाण्याने वेढलेले टेकाड आणि काठावरचे आवार अशी किल्ल्याची मूळ योजना होती. द्रोगो दे ला ब्युव्हरिएर या सरदाराने १०८६ च्या आधी हा किल्ला उभारला आणि तिसऱ्या हेन्रीने १२२१ मध्ये, एका बंडानंतर, तो पाडण्याचा हुकूम दिला. इथवरची गोष्ट इतर अनेक टेकाडांसारखीच. पुढे २०१६ मध्ये मात्र जिम लिअरी यांच्या नेतृत्वाखालील राउंड माउंड्स प्रकल्पाने टेकाडातून काढलेल्या मातीच्या नमुन्यांचे वय जाहीर केले आणि हे टेकाड नॉर्मन नसून लोहयुगातले, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे पुढे आले. नॉर्मनांनी ते आयतेच वापरले होते. विल्टशरमधील मार्लबरोचे टेकाडही असेच निघाले. ते तर इसवी सनापूर्वी २४०० च्या आसपासचे, सिल्बरी हिल या प्रचंड प्रागैतिहासिक टेकाडाच्या काळातले आहे.

या शोधाचा जतनाशी थेट संबंध आहे. दोन्ही ठिकाणी टेकाड उकरले गेले नाही. वरून अरुंद नळी घालून मातीची सलग कांडी बाहेर काढली आणि तिच्यातील सेंद्रिय अंशांचे कार्बनद्वारे वय ठरवले. एखाद्या हौशी जमीनमालकाने शंभर वर्षांपूर्वी मधोमध चर मारला असता, तर आज वाचायला हे थरच उरले नसते. नेमक्या याच कारणासाठी प्राचीन स्मारकांविषयीच्या १९७९ च्या ब्रिटिश कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या जागेत खणण्यालाच नव्हे, तर दुरुस्तीलाही आधी संमती घ्यावी लागते, आणि परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र फिरवणे हा गुन्हा आहे. मातीच्या किल्ल्याचे पूर्ण उत्खनन करून काय हाती लागते, हेही आपल्याला ठाऊक आहे: वेल्सच्या सीमेवर माँटगोमेरीजवळच्या हेन डोमेन येथे फिलिप बार्कर आणि रॉबर्ट हायम यांनी १९६० पासून तीन दशके हंगामामागून हंगाम काम केले, तेव्हा त्या रिकाम्या वाटणाऱ्या बेलीत लाकडी इमारतींची दाटी कशी होती आणि त्या पुनःपुन्हा कशा बांधल्या गेल्या, ते दिसले. तेवढी चिकाटी आणि तेवढा काळ नसेल तर हात न लावणे बरे.

स्किप्सीला निगा म्हणजे मुख्यतः गवत. गवताची मुळे वरची माती धरून ठेवतात. झाडे मात्र दिसायला देखणी असली तरी वादळात उन्मळून पडताना मुळांच्या गुंत्याबरोबर गाडीभर थर उपटून नेतात. म्हणून अशा टेकाडांवर वाढलेली झुडपे वेळीच छाटतात, आणि बुंधे उपटून न काढता जागीच कुजू देतात. ससे बिळे करतात. बॅजर हा जमिनीत बिळे करून राहणारा प्राणी त्याहून मोठी करतो आणि बॅजरला स्वतःचा संरक्षक कायदा असल्याने त्याला हलवणे ही वेगळीच कागदपत्रांची वारी होते. चरणाऱ्या मेंढ्या गवत आखूड ठेवतात म्हणून त्या उपयोगी ठरतात. जड गुरे ओल्या हंगामात उतार तुडवतात म्हणून ती नकोत. यांतले काहीही पाहुण्याला नेत्रदीपक वाटणार नाही. पण टेकाडाच्या काठाशी वाकून गवताची जाडी, उघडी पडलेली माती, पायवाटेची खोली आणि ताज्या बिळांची तोंडे पाहिली की जागेची सेवा कशी चालली आहे ते तिकीटघराच्या देखणेपणापेक्षा लवकर कळते. मी तरी आता कोणत्याही टेकाडावर पोहोचलो की आधी हेच पाहतो.

स्किप्सीची उणीव सांगायची तर ती माहितीची आहे. एवढ्या मोठ्या शोधाचे वजन एका शेतातल्या भेटीला पेलवत नाही. ज्याने आधी वाचलेले नाही त्याला तिथे एक हिरवा उंचवटा आणि वारा यापलीकडे फार काही मिळणार नाही. तिथे इमारत बांधावी असे मी मुळीच म्हणणार नाही. पूर्वीच्या तलावाची पातळी आणि टेकाडाच्या आतले थर दाखवणारे एखादे नेटके चित्र वाटेच्या सुरुवातीला असले तरी पुरे.

वेळ एकाच ठिकाणासाठी असेल आणि सोबत लहान मुले असतील तर यॉर्क निवडावे. तिकिटाचा पैसा वसूल होतो. किल्ला कसा रचला जायचा हे समजून घ्यायचे असेल तर बर्कमस्टेडला पर्याय नाही, शिवाय तिथे खिशाला चाट नाही. स्किप्सी त्यांच्यासाठी, ज्यांना चार ओळी आधी वाचून जायचा कंटाळा नाही. बर्कमस्टेड आणि स्किप्सी शक्यतो हिवाळ्याच्या अखेरीस, कोवळ्या किंवा उतरत्या उन्हात पाहावीत, कारण तेव्हा गवत आखूड असते आणि तिरप्या प्रकाशात उन्हाळ्यात न जाणवणारे बांध आणि बुजलेले खंदकही सावल्यांमुळे उठून दिसतात. स्किप्सीला जाताना चिखलात चालणारे बूट घालावेत. जुन्या तलावाची जमीन पाऊस पडला की आपला मूळ धर्म आठवते.